दुबार नोंद

माझा भाऊ माझ्यापेक्षा अकरा मिनिटांनी धाकटा. आम्ही जुळे, तरी आईच्या धाकाने तो मला आजही ताईच म्हणतो. डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट तो सांभाळतो. नेमकं काय करतोस विचारलं, की म्हणतो, "माहिती नीट लावून ठेवतो." स्वतःचे मोजे मात्र त्याला कधी जोडीने सापडलेले नाहीत.

त्याच दवाखान्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. मी शिवणकाम करते, आणि डाव्या डोळ्याला सुईचं नेढं दिसेनासं झालेलं. चार महिने थांबून सोमवारची तारीख मिळाली. गेले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "या नावाचं आमच्याकडे कोणी नाहीच."

"अगं, मग मी काय भूत आहे?"

तिने पुन्हा शोधलं. भाऊही तिथलाच पेशंट; त्याचं नाव यादीत होतं, माझं नव्हतं. मला काही सुधरेना. त्याला फोन लावला, तर तोही गोंधळला. "असं होणारच नाही, ताई. शनिवारीच सगळं साफ केलंय मी."

"साफ म्हणजे काय केलंस, ते इथे येऊन सांग," मी म्हणाले.

तो धावत आला आणि काउंटरमागे बसून पुटपुटू लागला. एकाच पेशंटची नोंद दोनदा व्हायची, म्हणून त्याने तीन रकान्यांचा मिळून एक इंडेक्स, म्हणजे दुबार नोंद होऊच न देणारा नियम, लावला होता: आडनाव, जन्मतारीख, फोन. तिन्ही जुळले की माणूस एकच. नाव घेतलं नव्हतं, कारण लोक ते दरवेळी वेगळं लिहितात. जुन्या दुबार नोंदी असेपर्यंत इंडेक्स लागेना, म्हणून आधीची ठेवून नंतरची काढायची, असं प्रोग्राममध्ये त्यानेच लिहिलेलं. अशा एकोणचाळीस नोंदी गेल्या.

"पण तू दुबार कशी?" तो म्हणाला.

"अरे शहाण्या, आडनाव एक, घरचा फोन एक. आणि वाढदिवस?"

त्याने कपाळाला हात लावला. स्वतः जुळा, आणि जुळ्यांनाच विसरला! मला हसावं की रडावं कळेना.

त्याने माझी नोंद परत आणली, इंडेक्समध्ये नावाचा चौथा रकाना घातला. सोमवारची जागा मात्र दुसऱ्याला गेली होती. आता आणखी सहा आठवडे.

"पण माझीच का काढली? मोठी तर मी."

"जिचा फॉर्म आधी, ती नोंद राहते," तो खाली बघत म्हणाला. "तुझा माझ्यानंतर भरलेला."

खरं होतं. नाव नोंदवायला गेले त्या दिवशी त्यालाही डोळे तपासून घ्यायचे होते, पण वेळ नव्हता, म्हणून आधी त्याचा फॉर्म मीच भरला होता.