फोटोखाली ‘शाळेची आया’ लिहिलं होतं

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

विद्यानगरला आमच्या शेजारी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या कुसुमताई राहतात. मुलींच्या मराठी शाळेत त्यांनी जन्मभर शिकवलं. नामपल्लीत जुन्या हैदराबादच्या फोटोंचं प्रदर्शन लागलंय, म्हणून आज त्यांना ऑटोने घेऊन गेले.

तिथे त्यांच्या शाळेचाही फोटो होता. खुर्चीत बसलेल्या पाहुण्यांचं नाव ठळक अक्षरात. आणि मुलींशेजारी उभ्या असलेल्या कुसुमताईंच्या खाली काय, तर ‘शाळेची आया’!

मी संयोजकांना गाठलं. ते हसले. “इतना बारीक कौन देखता मॅडम? फोटो तो लगाए ना!”

मी आवाज चढवला, तेव्हा कुठे त्यांनी पेन काढून ‘शाळेची आया’ खोडलं आणि कुसुमताईंचं नाव लिहिलं.

कुसुमताई मला म्हणाल्या, “आया लक्ष्मम्मा होती. घरोघरी जाऊन मुलींना तीच घेऊन यायची. तिचंही नाव लिहायला सांग.”

मी सांगितलं. संयोजक म्हणाले, “वो फोटो में किधर है?”

“उसकू कोई बुलायाच नहीं,” कुसुमताई म्हणाल्या.

संयोजकांनी पेन खिशात ठेवून दिलं.

तुमच्या शाळेतल्या आयाबाईंचं नाव आठवतंय तुम्हाला? मला माझ्या शाळेतल्या बाईंचं आठवत नाहीये, आणि आता स्वतःचाही तितकाच राग येतोय.