मावशीचे सभ्य गुंड

माझी मावशी इंग्रजी सिनेमांखालच्या मराठी ओळी लिहायची. पडद्यावर कुणी ‘पिस ऑफ’ म्हणून खेकसलं, की त्याचा सरळ अर्थ ‘चालता हो, तोंड काळं कर’. पण तिच्या साहेबांना ही भाषा इंग्रजीत ऐकायला चालायची, मराठीत वाचायला नाही. म्हणून मावशीचे गुंड कानशिलाला पिस्तूल लावून म्हणायचे, ‘आपण आता निघालात तरी चालेल.’ आम्ही भाचरं पोट धरून हसायचो. ‘हसा मेल्यांनो,’ ती म्हणायची, ‘पगार त्याचाच मिळतो.’

पुढे ऑफिसात भाषांतराचं मशीन आलं. साहेबांनी मावशीला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला, तोंड भरून कौतुक केलं आणि हात जोडून म्हणाले, ‘बाई, आपण आता निघालात तरी चालेल.’

याचं मूळ इंग्रजी अख्ख्या ऑफिसात तिला एकटीलाच ठाऊक होतं.