चिठ्ठीवरची सूट

गारखेड्यात घरगुती वैद्यकीय सामान विकणाऱ्या आमच्या या गृहस्थांना जीएसटीचे दर तोंडपाठ आहेत. चाकाची खुर्ची पाच टक्के, रुग्णाचा पलंग अठरा. सांगताना आवाज असा लावतात, जणू कायदा यांनीच केलाय.

परवा मी दुकानात असताना गंगापूरचे एक शेतकरी आले. वडिलांना दवाखान्यातून घरी न्यायचं होतं आणि पलंगाला पैसे नेमके कराएवढेच कमी पडत होते.

"शेठ, डॉक्टरची चिठ्ठी दावली की कर माफ व्हतो म्हणं?"

असा नियमच नाही. मला वाटलं, आता व्याख्यान. यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि स्वतःच्या नफ्यातून तेवढी सूट देऊन मुकाट बिल फाडलं.

"बघा, सरकारला मानावंच लागलं!" शेतकरी मला म्हणाले.

"व्हय भाऊ," हे गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टरचा शिक्काच लई भारी हाय."