आमची पहिली अप्रेंटिस आणि भिंतीवरची पाटी

परवा शनिवारी कुपवाडला आमच्या संस्थेच्या दारात एक टेम्पो येऊन थांबला. आत तीन व्हीलचेअर, दोन वॉकर, पेशंटची एक लोखंडी कॉट… आणि सगळ्यांच्या वर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. अकराच्या मीटिंगला दहा मिनिटं होती, आणि त्या मीटिंगमध्ये शीतलचं काय ते ठरायचं होतं.

शीतल कुंडलची, बी. ए. झालेली. वर्षापूर्वी तिला अप्रेंटिस म्हणून घेतलं, तेव्हाच सांगितलं होतं… वर्ष संपलं की कायम करायचं की घरी पाठवायचं, हे समिती ठरवेल. गोड बोलून आशेला लावणं मला जमत नाही.

आमचं काम साधं आहे. मिरजेच्या दवाखान्यांतून पेशंट घरी जातो, तेव्हा त्याला लागणारं सामान आम्ही वापरायला देतो. गरज संपली की परत आणायचं, म्हणजे पुढच्याला मिळतं.

आता कारखान्यांच्या कुपवाडमध्ये अप्रेंटिस म्हटलं की लेथ मशीनच डोळ्यासमोर येतं. संस्थेत अप्रेंटिस, हे आमच्या समितीलाही पचलं नव्हतं. तिला सोडायला आलेले वडील तर तोंडावर म्हणाले, "आवं बाई, कारखान्यात शिकत्यात ते कळतंय. पर सेवा करायला काय शिकायचं? आन् त्यानं पोट भरतंय व्हय?"

मी म्हटलं, "न शिकता सेवा केली की पेशंट पडतो. पोटाचं वर्षानं सांगते."

आणि शिकवलं. वॉकरची उंची कशी बसवायची, पेशंटला कॉटवरून खुर्चीत कसं घ्यायचं, घरच्यांना ते कसं दाखवायचं. एका फॉर्मवर तिने पत्ता लिहिला, 'मारुतीच्या देवळामागं', एवढाच. मी तो फॉर्म तिच्याकडून तीनदा लिहून घेतला. पोरगी रडली नाही… तेव्हाच जरा बरी वाटली.

आमची खरी अडचण वेगळीच होती. सामान परत येत नव्हतं. इकडे नावं लिहून लोक वाट बघतायत, आणि तिकडे फोन केला की "आणतो बाई" म्हणायचे आणि गप्प. मी कडक पत्रं पाठवली. लोकांना फुकटाची किंमत नसते, असं माझं पक्कं मत झालं होतं.

शीतल म्हणाली, "मॅडम, घरी जाऊन बघू का?" मी म्हटलं चल, मीपण येते. पहिलं घर मलकापूरचं. तिथले आजोबा जाऊन काही महिने झाले होते, आणि व्हीलचेअर अजून तिथेच.

बघते तर खुर्ची धुऊन पुसून, जुनं लुगडं पांघरून कोपऱ्यात ठेवलेली. मी बोलायला तोंड उघडलं, तर शीतलने माझा हात दाबला. माझा! खाली बसली, चहा प्यायली, आजोबांचं विचारत राहिली… अर्धा तास सामानाचं नावही काढलं नाही.

मग आजीच म्हणाली, "पोरी, खुर्ची लय उपेगी पडली. पर मोकळ्या हातानं कशी माघारी द्यायची? शेजारणीची वाटीसुदिक आपण मोकळी धाडत न्हाई. आन् तुमच्यात तर काय घेत न्हाईत. आमच्या भावकीतला एकजण पेढं घेऊन गेलता, तर तिथल्या बाईनं सगळ्यांम्होरं माघारी लावलं."

ती बाई मीच. भिंतीवरची 'संस्था कोणतीही भेट स्वीकारत नाही' ही पाटीही माझ्याच अक्षरातली.

म्हणजे लोक सामान दाबून बसले नव्हते. लाजून बसले होते… आणि इतकी वर्षं मी त्यांना पत्रं पाठवत होते.

शीतल मात्र सहज म्हणाली, "आजी, आमी न्हाईच घेत. पर उद्या ह्या खुर्चीत दुसरं कोणतरी बसणार हाय. त्यांच्यासाठी द्या की!" आजी ताडकन उठली आणि घरच्या शेवयांची पिशवी घेऊन आली. तिसऱ्या दिवशी खुर्ची आणि शेवया दोन्ही पलूसच्या एका घरी पोचल्या.

त्यानंतर शीतल प्रत्येक घरी फोन करून हेच सांगत राहिली. सामान यायला लागलं… कुणाची हळद, कुणाचा गूळ सोबत घेऊन. पत्र एकही गेलं नाही.

तर शनिवारचा टेम्पो. चालवत होते शीतलचे वडील. कुंडल आणि आजूबाजूच्या गावांतून सगळं गोळा करून आणलं होतं. "सही कोण घेतंय? का आमी हितंच हुबं ऱ्हायचं?" असा रुबाब!

मीटिंगमध्ये एका सदस्याने विचारलंच, "त्यापेक्षा समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेली मुलगी घेऊ या ना?" मी म्हटलं, "जरूर घ्या. फक्त आधी वर्षभर तिला शीतलच्या हाताखाली अप्रेंटिस ठेवा." एवढं बोलून वाट बघणाऱ्यांची यादी टेबलावर ठेवली. टेम्पोतलं सामान धरलं, तर त्यावर एकही नाव उरत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शीतल कायम झाली. एकमताने.

बाहेर येऊन तिच्या वडिलांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, "म्हंजी भरतंय म्हणायचं पोट." मग तोंड फिरवून उगीचच टेम्पोच्या फळीची कडी तपासत राहिले.

दुपारी स्टुलावर चढून माझी पाटी मी स्वतःच काढली. वर्षभर मी तिला काम शिकवलं. पण ज्या कामासाठी ही संस्था आहे, ते काम कसं करायचं ते त्या पोरीने मला दाखवलं. मानते मी तिला.

येत्या जूनपासून दोन नवीन अप्रेंटिस घेतोय. शिकवणार शीतल.

फॉर्मवर पत्ता मात्र पूर्ण लिहायचा. त्यात सूट नाही.