आखाजीचं नितळ पाणी

सुकलालचा माणसांपेक्षा पावडरीवर जास्त विश्वास. सुरतेच्या डाईंग मिलमध्ये त्याचं आयुष्य कापड ब्लीच करण्यात गेलं. ताग्याचा रंग उडाला की माल साफ, एवढं सोपं त्याचं तत्त्वज्ञान. म्हणून सुरतेतल्याच कोसाडला, खानदेशी बिऱ्हाडांच्या इमारतीत, गच्चीवरची पाण्याची टाकी आपसूक त्याच्याकडे आली. पगार नव्हता, पण मान होता, आणि मानासाठी सुकलाल जिने चढायला केव्हाही तयार.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर टाकीचं झाकण फुटलं, उन्हानं आत शेवाळ धरलं आणि नळाला हिरवं पाणी आलं. आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरायची आणि एखाद्या गड्याला पितर म्हणून जेवू घालायचं, ही खानदेशची रीत.

"असलं पाणी बघून पितर दारातूनच माघारी जातील," शेजारच्या मालतीबाई म्हणाल्या.

सुकलालनं त्या हिरव्या पाण्यातच क्लोरीनची पावडर सढळ हातानं ओतली. सकाळी पाणी काचेसारखं नितळ. घरोघर घागरी भरल्या. मालतीबाईंनी तर आपल्या वारलेल्या नवऱ्याच्या जागी सुकलाललाच जेवायला बसवलं आणि आमरस साऱ्या मजल्याला वाटला.

संध्याकाळपासून उलट्या आणि मुरडा. संडासापुढच्या रांगेतच निकाल लागला: दोष मालतीबाईंच्या रसाचा. पोट आवळून उभा असलेला सुकलालही म्हणून गेला, "मलाही जरा आंबटच लागला."

दुसऱ्या दिवशी आरोग्यखात्याच्या सुमनबेन आल्या. गच्चीवर त्याच्यासोबत टाकीत वाकून पाहिलं, तळाचा गाळ बाटलीत घेतला.

"रंग गेला, काका, विष नाही गेलं. ह्या जातीच्या शेवाळाचं विष त्याच्या पोटात असतं. पावडरीनं ते फुटलं आणि सगळं पाण्यात उतरलं. आधी टाकी उपसायची, घासायची, मग ताज्या पाण्यात मापानं क्लोरीन. सगळ्यांना सांगा, हे पाणी पिऊ नका. उकळूनही नाही."

सुकलालला ऊन एकदम फार लागायला लागलं. जिना उतरताना प्रत्येक दारात तो पाण्याचं सांगत गेला, पावडरीचं मात्र त्याच्या तोंडून निघेना.

खाली मालतीबाई भिंतीला धरून रसाचं पातेलं घासत होत्या. स्वच्छच होतं ते, तरी परत घासत होत्या. शेजारणी बघत होत्या.

"वहिनी," सुकलाल पातेल्याकडे बघत म्हणाला, "रस चांगला होता. पाणी माझ्या पावडरीनं नासलं."

मालतीबाईंचा हात थांबला. "मंग आंबट कसा लागना?"

"नव्हता लागला. चार वाट्या खाल्ल्या मी."

"तुले मी पितर म्हनीसन बसाडं, भाऊ," त्या सावकाश म्हणाल्या. "तू ते समदासलेच पितर कराले निंघना."

मजला पोट धरून हसला. सुकलालला मात्र हसता येईना. मालतीबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मालतीबाईंनी घागर मोरीत उपडी केली, आणि हातातला काथ्या त्याच्यापुढे धरला.

"जाय. आधी टाकी घास."

काथ्या घेऊन तो पुन्हा जिना चढू लागला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, कुणी बघत नसेल तर बरं, असं मनात म्हणत.