बदामाच्या पानांचा रंग

बदामाची गळलेली पाने तांबडी दिसतात. तुरटी घालून उकळली, की त्यांतून मातकट पिवळा रंग उतरतो. हे ठाऊक असूनही आमच्या सोसायटीतल्या वनस्पतिरंगांच्या वर्गात शिकवणाऱ्या मालतीबाईंनी पानांच्या पातेल्यात बाजारची गुलाबी पूड लोटली, तेव्हा मला शिसारी आली.

"अहो, एवढ्या लाल पानांतून हा चिखल निघाला, तर उद्या वर्गाला कोण येईल?" त्या मला हळूच म्हणाल्या.

शेजारच्या सुमनवहिनी नातवाचे दुपटे रंगवायला आल्या होत्या. बाजारच्या रंगाने त्या बाळाच्या अंगावर चट्टे उठतात. गळताना पानाजवळ जेवढे उरलेले असते, तेवढेच ते पाण्याला देते. त्या खरेपणाची लाज माणसाला वाटावी, याचा वीट येतो.

मी वहिनींना पुडीचे सांगितले. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी पातेल्यातून काढून पिळलेल्या दुपट्याला गाल लावून पाहिला. गाल गुलाबी झाला.

"हे तुमचं तुम्हालाच राहू द्या, मालतीबाई," असे म्हणून त्यांनी दुपटे बादलीत टाकले आणि बदामाखाली वाकून त्या पदरात पाने वेचू लागल्या.