तलअतबाजींचा एतकाफ

आमच्या घरमालकीण तलअतबाजी बोलायला लागल्या की निशातगंजच्या त्या गल्लीतली कबुतरंसुद्धा उडायची. हे मी कौतुकाने सांगत नाही. मुलींच्या सरकारी शाळेत त्यांनी सगळी नोकरी खेळ शिकवण्यात काढली. निवृत्त होताना शिट्टी शाळेत ठेवून आल्या, आवाज मात्र बरोबर घेऊन आल्या. सकाळी मी वरच्या गॅलरीत चहा घेऊन उभी राहिले की खालून हुकूम यायचा, "मालिनी, कंधे सीधे!" मी कराडची, विमा कंपनीत क्लेम विभागाची अधिकारी, ऑफिसात लोक मला घाबरतात, पण खांदे आपोआप सरळ व्हायचे.

अशा बाई गेल्या रमजानमध्ये एकाएकी बोलायच्या बंद झाल्या, कारण त्या एतकाफला बसल्या. म्हणजे काय, ते मलाही तेव्हाच कळलं. रमजानचे शेवटचे दहा दिवस पुरुष मशिदीत जाऊन राहतात आणि बायका घरातल्याच एखाद्या कोपऱ्यात. एकदा बसलं की ईदचा चंद्र दिसेपर्यंत तिथेच. नमाज, कुराण, दुआ, तिथेच जेवण, तिथेच झोप. मोरीपुरतं उठायचं, बाकी कशासाठीही नाही. आजाऱ्याला भेटायला म्हणून खोलीबाहेर पाऊल टाकलं तरी एतकाफ मोडतो. त्या शेवटच्या रात्रींतली एक रात्र अशी असते म्हणे, की तिच्यात मागणारा रिकाम्या हाती परत येत नाही. पण ती नेमकी कुठली, ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून सगळ्याच जागवायच्या.

बाजींनी आपल्या खोलीत दोरीवर निळ्या फुलांची चादर टाकून पडदा केला आणि त्यामागे गेल्या. मग गल्लीतले लोक येऊन पडद्याशी आपापली मागणी ठेवू लागले. समोरचा मेडिकलवाला जगदीश, दर मंगळवारी हनुमानाला जाणारा माणूस, तोसुद्धा हात जोडून म्हणाला, "बाजी, बिटिया का पेपर है, दुआ में याद रखिएगा." आतून नुसतं "हूँ" आलं. आमचे सतीशराव बँकेच्या ऑडिटसाठी मुंबईला गेले होते, त्यांनी फोनवर सांगितलं की माझ्या बदलीचंही कानावर घाल. मी काही घातलं नाही. मला बाजींचा राग आला होता.

रागाचं कारण होतं अरीबा, बाजींची एकुलती एक मुलगी. तिला आठवा महिना सरत आलेला. नवरा आखातात, दम्मामला नोकरीला, ईदला यायचा होता. आणि या अवघडलेल्या पोरीने आईसाठी पहाटे सहरीचं ताट करायचं, संध्याकाळी इफ्तारीचं करायचं आणि वाकून पडद्याखालून आत सरकवायचं. बाजी मागत असतील ते मुलीसाठीच, हे मलाही कळत होतं. पण जिच्यासाठी मागायचं तिलाच कामाला लावायचं, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं.

अरीबाची याआधी दोन मुलं पोटातच गेली होती. दुसऱ्या वेळी ती स्कूटीवरून कामाला जायची, बाजींचा त्याला विरोध होता. ते मूल गेलं त्या दिवशी मी दवाखान्यात डबा घेऊन उभी होते. बाजी वॉर्डात शिरल्या आणि मैदानावरच्या आवाजात म्हणाल्या, "मना किया था ना? बच्चा तूने खुद गँवाया है." सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. घरी आल्यावर अरीबाने स्कूटीची चावी आईच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली, आणि त्यानंतर आईकडे कधी काही मागितलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. मीठ कुठे आहे, दूधवाला आला का, एवढं बोलायच्या. मला तर ते भांडणापेक्षा वाईट वाटायचं.

सव्विसाव्या रोज्याची दुपार. मी सुट्टी टाकून घरी होते, कॉलेजातली माझी मुलगी ऋता मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला म्हणून मी जिन्यात डोकावले. अरीबा मधल्या पायरीवर बसली होती. ओढणीचा बोळा दातांत, एक हात कठड्याला, खालची पायरी ओली.

"आंटी, गाड़ी निकालिए," ती म्हणाली. मग माझं मनगट धरून, "अम्मी को मत बताइएगा. उठ जाएँगी तो एतकाफ टूट जाएगा."

"अगं वेडी का तू! महिना आहे अजून. आईला नाही सांगायचं तर कोणाला?"

"कसम है आपको."

कळ आली. तिने पुन्हा ओढणी तोंडात कोंबली. पडद्यापर्यंत आवाज जाऊ नये म्हणून ती पोरगी कण्हतसुद्धा नव्हती.

बाहेर पडायची वाट बाजींच्या त्या खोलीतूनच होती. अरीबाने चपला हातात घेतल्या, तिचं बघून ऋतानेही घेतल्या. आम्ही तिघी चोरासारख्या पडद्यापुढून निघालो. आत बाजींचं पुटपुटणं चालू होतं. आम्ही मध्यावर आलो आणि ते थांबलं. अरीबाने श्वास रोखला. क्षणभराने पुटपुटणं पुन्हा सुरू झालं आणि आम्ही बाहेर पडलो. मला मात्र ते थांबणं आवडलं नाही.

तिची डॉक्टरीण छावणीच्या बाजूला एका नर्सिंग होममध्ये बसायची. निशातगंजचा पूल ओलांडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता, खजूर आणि शेवयांच्या गाड्यांनी अर्धा रस्ता खाल्लेला. छावणीच्या रिकाम्या रस्त्याला लागल्यावर मी गाडी जी हाणली, ती सतीशनी पाहिली असती तर चावीच काढून घेतली असती. अरीबा मागच्या सीटवर ऋताच्या मांडीवर डोकं ठेवून छताकडे बघत होती.

डॉक्टरणीने तपासलं आणि मला बाहेर घेतलं. ब्लड प्रेशर चढतंय, बाळाचे ठोके मधेच खाली जातायत. "थोड़ा रुककर देखते हैं, नहीं तो ऑपरेशन. लेकिन ये लड़की न चिल्लाती है, न ज़ोर लगाती है. बस दाँत भींचे पड़ी है. इसका अपना कोई नहीं है क्या?"

मी क्लेमची कामं करते, मला वाईटच आधी सुचतं. आत जाऊन अरीबाला म्हटलं, मी आईला आणते. तिने मान जोरजोरात हलवली. "नहीं आंटी. पिछली दोनों बार अम्मी साथ थीं, और क्या हुआ? इस बार वो वहाँ माँग रही हैं. उन्हें माँगने दीजिए." तिच्या डोळ्यांत भीती होती. तिला खरंच वाटत होतं की आई त्या कोपऱ्यातून उठली की बाळ गेलं.

मी ऋताकडे पाहिलं. ती म्हणाली, "मम्मी, आप जाओ. मैं यहीं हूँ."

"तिला सोडून हलायचं नाही."

"अरे नहीं हिलूँगी, यार. जाओ ना!"

मी शपथ मोडायला निघाले. गाडी चालवताना मला बाजींचा इतका संताप आला होता की काय काय बोलायचं ते मी मोठ्याने म्हणून बघत होते. आणि भीतीही वाटत होती. समजा मी त्यांना उठवलं आणि बाळ गेलं, तर? मग त्या घरात आयुष्यभर माझंच नाव घेतील. मीही माझं घेईन. इफ्तारची वेळ होत आलेली, जो तो घर गाठायच्या घाईत, आणि पुलावर गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती.

घरात शिरले ती थेट पडद्यापाशी. इतके दिवस कुणी त्या चादरीला हात लावला नव्हता. मी ती बाजूला ओढली.

बाजी जानमाजवर, नमाजाच्या चटईवर बसल्या होत्या. अंगाभोवती बाहेर जायची चादर घट्ट लपेटलेली. शेजारी त्यांचे जुने कॅनव्हासचे बूट, नाड्या सैल करून, पाय घालायला तयार ठेवलेले. डोळे सुजलेले. माझं पाठ केलेलं सगळं भाषण वाया गेलं.

"ज़िंदा है?" त्यांनी विचारलं.

"आहे. है, बाजी. लेकिन हालत ठीक नहीं."

"चप्पल हाथ में लेकर निकली थी ना?" त्या म्हणाल्या. "माँ हूँ, मालिनी. उसके पाँव की आहट नहीं पहचानूँगी? तब से बैठी हूँ कि कोई बुलाने आए."

"तो उठीं क्यों नहीं?" मी ओरडलेच. या बाईवर कधी ओरडेन असं मला वाटलं नव्हतं.

"उसने बुलाया नहीं. मैं पिछली बार बिना बुलाए गई थी, तुम तो वहीं थीं." त्यांचा आवाज ऐकायला मला वाकावं लागत होतं. "मुझे लगा, वो मेरी सूरत नहीं देखना चाहती."

"बाजी, वो इसलिए नहीं बोली कि आपका एतकाफ न टूटे! मुँह में दुपट्टा ठूँसकर बैठी थी सीढ़ी पर!"

बाजींनी बुटांत पाय घातले. नाड्या त्यांना बांधता येईनात, म्हणून मी खाली बसून बांधल्या. खोलीच्या उंबरठ्याशी आल्यावर मात्र त्या थांबल्या. या उंबरठ्यापलीकडे गेलं की सहा दिवसांची सगळी बैठक मोडणार होती, आणि पुढची रात्र सत्ताविसावी होती. लोक वर्षभर जिची वाट बघतात ती हीच, असं बहुतेकजण मानतात. त्यांनी डोळे मिटले आणि उंबरठा ओलांडला.

गाडीत बसतो न बसतो तोच सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली. मी डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी एक घोट घेऊन रोजा सोडला आणि बाटली मांडीवर घट्ट धरून बसल्या. ओठ पुन्हा हलायला लागले.

मला राहवेना. "सारखं काय मागताय बाजी? इतने दिन से क्या माँग रही हैं? बच्चा?"

"बच्चा माँगने का मुँह कहाँ है मेरा." त्या समोर बघत होत्या. "इन रातों की एक ही दुआ है. तू माफ़ करने वाला है, माफ़ करना तुझे पसंद है, तो मुझे माफ़ कर दे. बस यही पढ़ती हूँ. जो उस दिन वॉर्ड में बोल दिया था, उसकी."

मी सिग्नलला गाडी थांबवली आणि मराठीतच म्हणाले, "अहो, मग तिलाच विचारायचं ना!"

मराठी त्यांना येत नाही. पण त्या रडायला लागल्या, त्यावरून कळलं असावं.

नर्सिंग होमच्या कॉरिडॉरमध्ये ऋता पांढरीफटक पडून उभी होती. तिला बाहेर काढलं होतं. ऑपरेशनची तयारी चालली होती. डॉक्टरीण बाजींना बघून म्हणाली, "आप माँ हैं? जल्दी आइए." दार अर्धवट उघडं राहिलं आणि मी तिथेच खिळून उभी राहिले.

आईला बघताच अरीबाचा चेहरा इतका घाबरला की मला वाटलं, चुकलंच आपलं. "अम्मी, आप उठ गईं? एतकाफ..."

"क़ज़ा कर लूँगी. ईद के बाद फिर रोज़ा रखूँगी, फिर बैठूँगी." बाजी खाटेशी जाऊन वाकल्या. "अरीबा, पहले सुन. उस दिन मैंने जो कहा था, मुझे..."

कळ आली. अरीबाने आईच्या बाहीला हिसका दिला आणि दुपारपासून पहिल्यांदा ओरडली. "अम्मी, बाद में! अभी हाथ पकड़िए!"

बाजींनी हात धरला. आणि मग तो आवाज निघाला, आमच्या गल्लीतली कबुतरं उडवणारा. "साँस ले! छोड़! फिर ले! ज़ोर लगा, मेरी जान, और लगा!" कॉरिडॉरमधली माणसं उठून उभी राहिली. एक नर्स गप्प करायला धावली, तर डॉक्टरणीने तिला हाताने थांबवलं. आता अरीबाही ओरडत होती, मनसोक्त, इतक्या दिवसांचं सगळं. डॉक्टरीण ठोके मोजत होती. ऑपरेशनची वेळ पाच मिनिटं, मग आणखी पाच मिनिटं पुढे गेली. ऋताने माझा दंड इतका आवळला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ दिसत होते.

मग एकदम शांतता झाली. बाळ बाहेर आलं होतं आणि रडत नव्हतं. आत नुसती भांड्यांची खुडबूड. बाजींचे ओठसुद्धा हलत नव्हते. तेवढ्या वेळात मी, जिने पडद्यापाशी कधी काही मागितलं नाही, काय काय मागितलं ते सांगत नाही.

आणि ते रडलं. बारीक, चिडकं, पण रडलं. मुलगी होती. दोन किलोच्या आतली, म्हणून तिला लगेच काचेच्या पेटीत नेलं, पण श्वास तिचा ती घेत होती.

नर्सने मला आत येऊ दिलं तेव्हा अरीबाचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. आईचा हात तिने अजून सोडला नव्हता. डोळे मिटूनच ती म्हणाली, "अम्मी, अब बोलिए. क्या कह रही थीं?"

तलअतबाजींनी तोंड उघडलं. ओठ हलले, गळा हलला, पण आवाज म्हणून फुटेना. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. बाहेर कुठल्याशा मशिदीतून तरावीहचं, रमजानच्या रात्रीच्या नमाजाचं पठण ऐकू येत होतं.

अरीबाने डोळे उघडून आईकडे पाहिलं.

"कर दिया, अम्मी," ती म्हणाली.